पुलाच्या पुढचा रस्ता

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, नंतर लिहून काढलेले)



मला बोलायला उभे केले याचे मलाच नवल वाटते. मी सातवी पास. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर माझी तीस वर्षे गेली. जे काही वाचले ते या विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन, रात्रपाळी नसेल तेव्हा वाचले. म्हणून विद्वानासारखे बोलणे मला जमायचे नाही. पण चालणे जमते. साच्यावर काम करणारा माणूस एका जागी उभा नसतो. धागा तुटला की जोड, पुढे चल, पुन्हा तुटला, पुन्हा जोड. आठ तासांत किती चाल होते ते आमच्या पोटऱ्यांना विचारा.

तर २०२० च्या जानेवारीत आपल्या वस्तीतले आम्ही पाच जण, तीन बाप्ये आणि दोन बाया, खडकपूर्णा नदीच्या पुलावरून औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटपर्यंत चालत गेलो. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आम्ही गेलो तेव्हा औरंगाबादच होते. शंभरेक किलोमीटर. निघताना पुष्कळांनी विचारले, एसटी असताना पायी कशाला? कोणी म्हणाले, आपल्यात वारी नसते, हे काय नवीन काढले? त्याचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नव्हते. आज देऊन बघतो.

लहान मुले बसली आहेत म्हणून जरा मागून सांगतो. मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. आपल्याकडची कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असायची. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढले, नागसेनवन उभे केले, तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोरांना कॉलेज म्हणजे काय ते कळले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, १९५८ ला आले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. आणि मग मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आमच्या गावात तसे काही घडले नाही, पण कितीतरी रात्री आई आम्हा भावंडांना घेऊन ज्वारीच्या रानात निजायची. वर पाऊस, खाली चिखल. धाकट्या बहिणीला खोकला यायचा आणि आई तिच्या तोंडावर पदर धरायची. ते खोकल्याचे आवाज मला अजून ऐकू येतात.

ठराव कागदावर राहिला. म्हणून ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. ज्या मातीवर १९५६ ला धम्म घेतला तिथून निघायचे आणि बाबासाहेबांनी जिथे कॉलेज काढले त्या गावात पोचायचे, अशी ती वाट. हजारो माणसे. बाया होत्या, म्हातारे होते. वाटेतल्या गावांनी भाकरी बांधून दिल्या. नोव्हेंबर सरायच्या आत मोर्चा खडकपूर्णेच्या पुलावर आला आणि तिथे अडवला. लाठ्या चालल्या, हजारो लोकांना अटक झाली. पुलाच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाड्याची वाट. पुढचा रस्ता चालायचा राहून गेला.

माझे मामा, कालकथित, मेहकर तालुक्यातले. मोर्चा आपल्या भागातून येतोय कळले तेव्हा हातातला विळा बांधावर टाकून गेले. ते सांगायचे, "अंधार होता. पुढून काठ्या, मागून माणसं येतच होती, कोणाला काही कळंना. माझी एक चप्पल पुलावरच राहिली." धरून नेले, आठ दिवसांनी सोडले. एक चप्पल घालून घरी कसे यायचे म्हणून दुसरीही टाकून दिली आणि अनवाणी आले. १९९२ ला ते गेले. विद्यापीठ त्यांनी कधी डोळ्यांनी बघितले नाही. बसने जाऊन यायला काय झाले होते, असे मी एकदा म्हटले, तर मामा चिडले. "मी चालत जायला निघालो होतो," एवढेच बोलले. ते माझ्या डोक्यात बसले होते.

आता चालण्याचे सांगतो. ११ जानेवारीला सकाळी आम्ही पुलावर उतरलो. मेहकरकडून सिंदखेडराजाकडे जाणारा तो रस्ता, ट्रक अंगावरून जातात. कठड्याला टेकून त्रिशरण-पंचशील घेतले. वाकून पाणी बघितले. ही नदी परकी नाही बरे का. हेच पाणी पूर्णेत येते, येलदरीला अडते, मग आपल्या औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते आणि कालव्याने वसमतकडच्या हळदीला-उसाला जाते. माणसांना अडवले, पाणी मात्र खुशाल इकडे येत राहिले. याच खडकपूर्णेवर वरच्या अंगाला धरण आहे, त्याचे नाव संत चोखासागर. चोखोबांचे जन्मगाव म्हणतात ते मेहुणाराजा तिथून जवळ. चोखोबांना पंढरपुरात महाद्वाराच्या आत जाता आले नाही, समाधीसुद्धा बाहेरच आहे. मी काही त्याचा अर्थ लावत बसत नाही. पण कठड्याला हात ठेवून उभा असताना हे मनात आले, ते सांगितले.

पहिल्या दिवशी आम्ही फार ऐटीत चाललो. घोषणा, गाणी. दुपारनंतर सगळे गप्प. सिंदखेडराजाला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशी जिजाऊंची जयंती, गावात पाय ठेवायला जागा नाही. एका घरच्या माउलीने आमच्या दोन बायांना माजघरात जागा दिली, आम्ही ओसरीवर. तिने आडनावे विचारली नाहीत. विचारली असती तरी आम्ही सांगितलीच असती.

माझ्या डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. इथे एका माणसाची आठवण काढली पाहिजे. आमच्या पाळीतला एक सोबती नर्सीच्या दिंडीबरोबर दर आषाढीला पंढरपूरला जातो. निघायच्या आधी त्याने मला सुई-दोरा दिला होता. "फोड फोडू नको. सुईनं दोरा ओव अन् दोरा तसाच आत राहू दे, पाणी आपोआप निघतं." मी हसलो होतो. जन्मभर धागाच सांधत आलो, आता पायात पण धागा! पण त्या रात्री तसेच केले आणि सकाळी पाय टेकवता आला. त्याने मला असेही विचारले होते की, तुमची वारी कोणत्या देवाची? मी म्हटले, देवाची नाही, शाळेची. तो म्हणाला, मग जाऊन ये बाबा, माझी नात पण शाळेत जाते.

दुसरा दिवस सगळ्यांत कठीण. जालना काही येता येईना. आमच्यातल्या एकाने खास नवे बूट घेतले होते. त्याचे पाय असे सोलले की जालन्यातून त्याला बसमध्ये बसवून द्यावे लागले. रडत गेला बिचारा. जालन्यात विहारात मुक्काम झाला. तिथल्या उपासकांनी गरम पाणी-मीठ करून दिले. तिथे स्टीलच्या कारखान्यातले दोन कामगार भेटायला आले, मध्यरात्रीपर्यंत आम्ही पगार, ठेकेदारी आणि पीएफ यावरच बोललो. लाँग मार्चचा विषय राहूनच गेला. कामगार भेटले की असेच होते.

तिसऱ्या दिवशी बदनापूरच्या पुढे एका शेतात हुरडा खाल्ला आणि रात्री उशिरा करमाडला टेकलो. १४ तारखेला पहाटे निघालो. चिकलठाण्यापासून शहर सुरू होते आणि संपतच नाही. मिल कॉर्नर नावाची जागा लागते. तिथली कापडाची मिल केव्हाच बंद झाली, नाव राहिले. मी तिथे दोन मिनिटे उभा राहिलो, बाकीचे पुढे गेले. आमच्याही गिरणीचे पुढे असेच व्हायचे का, असा एक विचार आला. मग भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि विद्यापीठाचा रस्ता धरला.

तो नामविस्तार दिन. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. ठरावानंतर पंधरा वर्षे लागली. त्याच्या दीडेक महिना आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. दरवर्षी त्या दिवशी गेटपुढे समुद्र लोटतो. निळे झेंडे, पुस्तकांचे गाळे, जेवणाच्या पंगती. त्या गर्दीत आम्ही चौघे लंगडत शिरलो. कोणी ओळखायचे कारण नव्हते. मोबाईलवर फोटो काढणाऱ्या पोरांच्या मधून वाट काढत गेटच्या खाली गेलो. मामांचे नाव मी मनात घेतले. पायांतल्या चपला काढून हातात धरल्या आणि आत दहा-वीस पावले अनवाणी चाललो. माझ्या बायकोने विचारले, "हे काय?" मी म्हटले, "घरी सांगतो."

आत झाडाखाली बसलो असताना एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला. कळमनुरी तालुक्यातला, एम.ए. करणारा. चौघांत एक खोली, एक वेळ मेस. फार गुणी पोरगा. "काका, कुठून आलात?" मी म्हटले, "खडकपूर्णेच्या पुलावरून." त्याला काही बोध झाला नाही. पुलाचे काय? तो त्याच विद्यापीठात शिकत होता, आणि पुलावर काय झाले ते त्याला कोणी सांगितले नव्हते. मी त्याला अर्धा तास सगळे सांगितले. पण मला त्याचा राग आला नाही, कारण माझी स्वतःची मुलगी पदवीधर झाली तरी तिलाही मी कधी पुलाचे सांगितले नव्हते. चप्पल हरवल्याची गोष्ट तेवढी हसून सांगायचो.

आणि तिच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नाही, हेही बोललेच पाहिजे. नामविस्ताराच्या वर्षीच, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि परभणी जिल्हा तिकडे गेला. आपला हिंगोली जिल्हा १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, तोही तिकडेच. नांदेड जवळ पडते, पोरांची सोय झाली, माझ्या मुलीची पण झाली. सोयीला मी नाव ठेवत नाही. पण ज्या नावासाठी इथली माणसे रानात निजली, त्या नावाची पदवी घ्यायची तर आपल्या पोरांना आज जिल्ह्याबाहेर खोली करून राहावे लागते. कळमनुरीच्या त्या पोराला मी विचारले, नांदेड सोडून इतक्या लांब का आलास? तो म्हणाला, "बाबांना पाहिजे होतं."

आता समृद्धी महामार्ग झाला. नागपूरहून निघालेली मोटार काही तासांत संभाजीनगरला येते. त्या रस्त्यावर पायी माणसाला बंदी आहे. आपला जुना रस्ता अजून मोकळा आहे.

येत्या जानेवारीत पुन्हा जायचे ठरते आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी विहारातल्या वहीत नाव लिहावे. बायांसाठी मुक्कामाची सोय आधी बघून ठेवू. कॉलेजची पोरे आली तर फार बरे, सामान उचलायलाही होतील. पाळीत काम करणाऱ्यांनी रजेचा अर्ज महिनाभर आधी टाकावा. सुई-दोरा मी घेतो. आणि कोणीही नवे बूट घालून येऊ नये.

जयभीम. नमो बुद्धाय.