आजार जसा आहे तसा



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यापुढचा भाग मात्र आपण सहसा वाचत नाही. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा सोपी, याची पाच लक्षणे तेथे सांगितली आहेत. त्यांपैकी एक, वेदना सहन करणे. दुसरे असे की, रुग्णाने हितचिंतक शुश्रूषकाला आजार जसा आहे तसा सांगावा. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच.

आम्ही पालक यातील सहन करणे तेवढे मुलांना शिकवितो. "शहाणं बाळ, रडत नाही," म्हणून कौतुक करतो. मग कर्करोगावर केमोथेरपी घेणारे दहा-बारा वर्षांचे मूल आईचा चेहरा पाहते आणि तोंड आले असले तरी "काही नाही" म्हणते. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, तर मागच्या आठवड्याचा त्रास त्याला आठवत नाही, किंवा त्याच्याऐवजी आम्हीच उत्तर देतो.

यावर कॅनडात टोरांटोच्या सिककिड्स या मुलांच्या रुग्णालयात मार्ग शोधला गेला. तेथे 'एसएसपेडी' ही प्रश्नावली तयार झाली. ८ ते १८ वर्षांचे मूल मोबाइल वा टॅबलेटवर स्वतः खूण करते. तक्रारी १५ आहेत. उलटी, जुलाब, तोंडातील फोड, थकवा, हातापायाला मुंग्या या तर आहेतच. शिवाय उदास वाटणे, भीती, चिडचिड, चेहरा व शरीर बदलणे याही आहेत, ज्या विचारल्याशिवाय मूल बोलत नाही. प्रत्येकीपुढे 'अजिबात त्रास नाही'पासून 'अतिशय त्रास'पर्यंत पाच पायऱ्या. त्याच रुग्णालयाच्या 'पेन स्क्वॉड'मध्ये मूल पोलीस पथकात भरती होते आणि वेदनेच्या नोंदी केल्या की त्याला बढती मिळते.

अमेरिकेतील २० केंद्रांत ४४५ मुलांवर झालेला एसएसपेडीचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांत ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा मुलांना विचारले गेले आणि उत्तरे उपचार करणाऱ्यांपर्यंत पोचविली गेली. त्या मुलांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला. तातडीच्या विभागात त्यांच्या फेऱ्या मात्र वाढल्या. ऐकावयाचे ठरविले की काम वाढते, याची तयारी रुग्णालयाने ठेवलीच पाहिजे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. नोंद लिहिली, पण ताळा कोणी पाहिलाच नाही, तर ती नोंद कशासाठी, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलाने रात्री 'अतिशय त्रास'वर बोट ठेवले आणि सकाळपर्यंत कोणी वाचले नाही, तर त्या यंत्राने मुलाची फसवणूकच केली. यंत्र विचारते, ऐकावे माणसानेच.

मोबाइल नसला तरी अडत नाही. एक वही घ्यावी. रोज ठरलेल्या वेळी मुलालाच विचारावे, शून्य ते चार आकडा त्यालाच सांगू द्यावा, आम्ही तो खोडू नये, आणि वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्र केमोथेरपी चालू असताना ताप आला, तर नोंद करून थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे. विद्यार्थी मित्रहो, ज्या घरी लिहिता येत नाही, तेथे वही धरण्याचे काम तुमचे.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी. आमच्याच घरातील आजारी मूल मुके राहू नये, एवढे तरी आम्ही करू या.

नमो बुद्धाय ! जयभीम !