डिस्नेची जत्रा आणि तिचे कारभारी

गावची जत्रा पाळण्यांची आणि तमाशाची असते. पण जत्रा उलगडली, की पारावर बोलणे चालते ते पंचांबद्दल. "औंदा पाण्याची सोय नव्हती," "दुकानांच्या जागांचा लिलाव फार चढवला," "मागच्या पंचांच्या वेळी असं नव्हतं बुवा." जत्रेकरूला डोळ्यांनी पाळणा दिसतो, पण कारभारी त्याला न पाहताही ओळखू येतो. आज मी ज्या जत्रेविषयी सांगणार आहे ती अमेरिकेतली आहे, बारा महिने भरते, आणि तिचे पंच म्हणजे एक अवाढव्य कंपनी आहे. वॉल्ट डिस्ने याने काढलेले डिस्नेलँड आणि त्याच्या मागून निघालेली त्या कंपनीची इतर उद्याने, हा आजचा विषय. उद्यान म्हटले तरी त्यात झाडांपेक्षा आगगाड्या, बोटी, पाळणे आणि गोष्टींतले देखावेच अधिक, एवढे ध्यानात ठेवावे.

या उद्यानांचे चाहते मोठे विलक्षण असतात. वर्षातून वीस-वीस वेळा जाणारे, कोणत्या खांबाचा रंग उडाला आणि कोठला दिवा बंद आहे हे टिपून ठेवणारे. कंपनीचा प्रमुख बदलला, की यांच्यात वाद पेटतो: उद्यान सुधारले की बिघडले? तिकिटाचे पैसे वसूल होतात की नाही? कोणी म्हणेल, मोठ्या माणसांनी पोरांच्या खेळावरून भांडावे हे काय! पण अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे भांडण फार बोलके वाटते. ज्यांची एखाद्या जागेवर माया आहे ते एकीकडे, आणि जिची मालकी आहे ते दुसरीकडे, अशी ती गोष्ट आहे.

प्रथम मूळ पुरुषाकडे वळू. वॉल्ट डिस्ने हा चित्रपट काढणारा. लॉस एंजेलिसजवळ अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेऊन त्याने १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. पैशांची तोंडमिळवणी करताना त्याने आपल्या विम्यावरही कर्ज काढले आणि एका टेलिव्हिजन कंपनीला भागीदार करून घेतले. उद्घाटनाच्या दिवशी ऊन असे, की नवे डांबर मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. नळ बसवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास, यांपैकी एकच काम वेळेत पुरे होणार होते. वॉल्टने संडास निवडले. लोक म्हणाले, बाटलीतले सरबत खपावे म्हणून पाणी ठेवले नाही! म्हणजे कारभाऱ्याच्या हेतूविषयीची शंका ही पहिल्या दिवसाइतकीच जुनी आहे.

पण वॉल्टचे एक होते. उद्यानातल्या बंबखान्याच्या माडीवर त्याने स्वतःसाठी एक लहानसे बिऱ्हाड ठेवले होते, आणि तो गर्दीत मिसळून हिंडत असे. मालक स्वतः उन्हात उभा राहिला, तर रांग किती लांब आहे हे त्याला अहवालातून वाचावे लागत नाही. १५ डिसेंबर १९६६ रोजी तो वारला. त्याचा थोरला भाऊ रॉय तेव्हा निवृत्तीच्या बेतात होता. त्याने निवृत्ती लांबणीवर टाकली, फ्लॉरिडातले नवे काम पुरे केले, १ ऑक्टोबर १९७१ ला त्याचे दार उघडले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोही गेला.

तेव्हापासून चाहत्यांच्या प्रत्येक वादात एक वाक्य येतेच: "वॉल्ट असता तर असं झालं नसतं." आपल्या घराण्यांतून थोरल्या आजोबांविषयी बोलतात तसेच. मला हा युक्तिवाद फारसा पटत नाही. वॉल्टच्या वेळी मोठ्या माणसाला फाटकावर एक डॉलर पडे, पण आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे मोजावे लागत. त्याच वर्षी कूपनांच्या वह्या निघाल्या. साध्या खेळाला 'ए' कूपन, आणि सर्वांत भारी खेळांसाठी १९५९ साली निघालेले 'ई' कूपन. एकदा पैसे भरले की सगळे खेळ मोकळे, ही आज जुनी आणि उदार वाटणारी पद्धत पक्की झाली ती १९८२ साली, वॉल्टला जाऊन सोळा वर्षे झाल्यावर.

पुढे १९८४ साली मायकेल आयझनर कंपनीचा प्रमुख झाला आणि फ्रँक वेल्स त्याचा जोडीदार. या दोघांची पहिली दहा वर्षे चाहतेसुद्धा चांगली मानतात. मग एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळचे उद्यान उघडले आणि कर्जात रुतले. एप्रिल १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टरच्या अपघातात वारला. पुष्कळ चाहते इथे रेघ ओढतात: वेल्स गेला आणि घसरण सुरू झाली. माझ्या मते पॅरिसचा चटका अधिक कारणी पडला. दुधाने तोंड पोळलेली कंपनी ताकही फुंकून पिऊ लागली, आणि ताक फुंकता फुंकता त्यात पाणी घालू लागली.

याचा पुरावा पाहावयाचा असेल तर २००१ हे साल घ्यावे. असा दाखला अर्थशास्त्रात क्वचित मिळतो. त्या वर्षी फेब्रुवारीत डिस्नेलँडला लागूनच, जुन्या वाहनतळाच्या जागेवर 'कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर' उघडले. आणि सप्टेंबरात जपानात टोकियोजवळ 'डिस्नेसी'. दोन्ही आखली डिस्नेच्याच कलावंतांनी. एकाच गुरूचे दोन शिष्य म्हणा ना. पण कॅलिफोर्नियातले उद्यान हात राखून केलेले. त्यात बाजारात तयार मिळणारे जत्रेचे पाळणे, लहान मुलांसाठी थोडेच खेळ, आणि विषय काय, तर कॅलिफोर्निया! रत्नागिरीच्या माणसाकडून पैसे घेऊन त्याला कोकण दाखवावे, तसला प्रकार. पहिल्या वर्षी सत्तर लाख माणसांची आशा होती, आली पन्नास लाखांच्या आसपास. डिस्नेसीवर मात्र खडक, ज्वालामुखी, बंदर, जहाज असा सुमारे ३३५ अब्ज येनचा संसार उभा केला होता. तेथे ३०७ दिवसांत एक कोटी माणसे येऊन गेली.

कलावंत तेच असता हा फरक का पडला? याचे उत्तर जपानातल्या मालकीत आहे. टोकियोची उद्याने डिस्नेची नव्हेतच. ती ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीची आहेत. ही कंपनी १९६० साली निघाली ती उरायासू या मासेमारीच्या गावापुढचा समुद्र भरून जमीन करण्यासाठी. कोळ्यांनी आपला मासेमारीचा हक्क सोडला, त्या पाण्याची जमीन झाली आणि तिच्यावर १९८३ साली पहिले उद्यान उभे राहिले. त्या वेळी डिस्नेचे कारभारी फ्लॉरिडातल्या खर्चाने बेजार होते. त्यांनी जपानात जोखीम घेतली नाही. प्रवेशाच्या उत्पन्नावर दहा टक्के आणि खाणेपिणे व विक्रीवर पाच टक्के असा आपला वाटा ठरवून घेतला. म्हणजे जमीन कुळाची, कष्ट कुळाचे, आणि नाव मात्र खोताचे. पण ज्याला त्याच एका जमिनीवर पिढ्यान् पिढ्या जगायचे आहे तो बांध नीट घालतो. ओरिएंटल लँडजवळ दुसरे चित्रपट नव्हते, दुसरी दूरचित्रवाणी नव्हती; होते ते हेच. अमेरिकेतल्या कारभाऱ्याला मात्र दर तीन महिन्यांनी भागधारकांपुढे नफ्याचा आकडा ठेवायचा होता.

आता देखभालीकडे येऊ. नव्वदीच्या दशकात डिस्नेलँडचा कारभार कंपनीच्या दुकानांच्या विभागातून आलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. रंग उडू लागला, दिवे विझलेले राहू लागले, आणि चाहते छायाचित्रे काढून ओरड करू लागले. रंगाची ती काय तक्रार, असे कोणी म्हणेल. पण सप्टेंबर २००३ मध्ये डिस्नेलँडमधील 'बिग थंडर' या डोंगरगाडीला अपघात होऊन एक तरुण मेला. देखभाल नीट झाली नव्हती आणि माणसांना दिलेले शिक्षण अपुरे होते, असे राज्याच्या तपासात आढळले. काटकसरीमुळेच हा जीव गेला असे म्हणणे हे सिद्ध करण्यापलीकडचे आहे, आणि चाहते ते घाईने म्हणून मोकळे होतात. तरीपण ज्यांनी वर्षानुवर्षे रंगाबद्दल ओरड केली त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना करवते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉयचा मुलगा, म्हणजे वॉल्टचा पुतण्या, रॉय ई. डिस्ने याने संचालक मंडळाचा राजीनामा देऊन आयझनरविरुद्ध मोहीम उघडली. मार्च २००४ च्या सभेत त्रेचाळीस टक्के मते आयझनरच्या बाजूने पडली नाहीत. सावकारी भाषेत बोलायचे तर पत गेली. इकडे डिस्नेलँडवर मॅट विमेट नावाचा नवा अधिकारी आला होता. त्याने २००५ च्या सुवर्णमहोत्सवासाठी रंगरंगोटी आणि दुरुस्ती करवून घेतली, आणि चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. रंगाच्या डब्याने केवढी प्रीती विकत मिळते पाहा!

आयझनरच्या जागी २००५ साली बॉब आयगर आला. त्याने फसलेल्या उद्यानावर १.१ अब्ज डॉलर घालण्याचे २००७ साली जाहीर केले. २०१२ मध्ये तेथे मोटारींच्या चित्रपटाचे अख्खे गाव उभे राहिले आणि वर्षाची गर्दी सत्तर लाखांच्या वर गेली. आधी अर्धवट बांधायचे आणि मग दुप्पट खर्चाने पुरे करायचे, हा हिशेब कोणत्याही गवंड्याला कळतो.

मग चाहत्यांनी आयगरला देव्हाऱ्यात बसवावे? तिथेही दोन तट आहेत. त्याच्याच काळात, २०१५ साली, फ्लॉरिडातले एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरच्या पुढे गेले. २०२० मध्ये बॉब चेपेक प्रमुख झाला. १९९९ पासून रांगेत लवकर नंबर लागण्याची जी चिठ्ठी फुकट मिळे, ती बंद होऊन २०२१ मध्ये त्यासाठी पैसे पडू लागले. चाहत्यांचा राग उसळला तो इथे. यावर कोणी वॉल्टच्या कूपनांची आठवण करून देतो, पण त्यात एक फरक आहे. 'ई' कूपन घेतलेला लखपती आणि शेतमजूर एकाच रांगेत उभे राहत. नव्या पद्धतीत पैसा रांगेचे पुढचे टोक विकत घेतो. आपल्याकडे काही देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शनाची सोय निघाली, तेव्हा दर्शनबारीत ताटकळलेल्या म्हातारीला काय वाटले, ते आठवले म्हणजे हा राग समजतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चेपेक गेला आणि आयगर परत आला. दर वाढवण्यात आपण जरा अतिरेक केला असावा, असे त्याने २०२३ मध्ये बोलूनही दाखवले. पण पैशाची रांग काही गेली नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नेलँडचे गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले. टोकियोनेही २०२२ मध्ये पैशाची रांग सुरू केली, बरे का! जपानी मालक म्हणजे कोणी संत नव्हेत. तरी तेथे २०२३ च्या ऑक्टोबरात लागू झालेला सर्वांत महाग दर १०,९०० येन, म्हणजे अमेरिकेतल्या त्या दराच्या निम्म्याहूनही कमी होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दहा वर्षांत उद्यानांवर आणि जहाजांवर साठ अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले. चाहते ज्याच्यासाठी ओरडत होते तो पैसा आला म्हणायचा. पण फ्लॉरिडात नवे मोटारींचे गाव बसवायला जागा हवी, म्हणून १९७१ पासूनची कृत्रिम नदी, तिच्यातले बेट आणि आगबोट काढायचे ठरले. ६ जुलै २०२५ हा त्या बोटीचा शेवटचा दिवस होता. तिच्यात बसायला निराळे पैसे पडत नसत, आणि रांगही सहसा लांब नसे.