गाण्यामागची माणसं



एखादं गाणं आवडलं की आपण चटकन विचारतो, "कुणी गायलंय हो?" गाणाऱ्याचं नाव कळलं की आपलं समाधान होतं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे विचारणारा विरळाच. मोट चालायची तेव्हा पाटातलं पाणी सगळ्यांना दिसायचं. विहीर कुणी खणली याची चौकशी कोण करतो? गाण्याचंही तसंच आहे. म्हणून आज मी तुम्हांला दोन मित्रांची हकीकत सांगणार आहे. एक आधी गेला, आणि मागं राहिलेल्यानं दोघांचं गाणं पुढं चालवलं. त्यातून आपल्याला, विशेषतः गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना, काय घेता येईल तेही पाहू.

हे दोघे म्हणजे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके. दोघांचाही जन्म 1919 सालचा. माडगूळकर माणदेशातले, शेटफळे गावी जन्मलेले. मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि शाळा तिथंच सुटली. फडके कोल्हापूरचे. तरुणपणी पोटासाठी गावोगाव हिंडले, उपासही काढले. पुढं चित्रपटांच्या निमित्तानं दोघं एकत्र आले. राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट', 'ऊनपाऊस', 'जगाच्या पाठीवर' हे चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांतली गाणी याच जोडीची.

मग आलं 1955 साल. पुणे आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांच्या प्रोत्साहनानं एक मोठं काम ठरलं. रामाची सबंध कथा गीतांतून सांगायची, दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर. तेच 'गीतरामायण'. त्या वर्षीच्या रामनवमीला, 1 एप्रिल रोजी, पहिलं गीत लागलं. त्या पहिल्याच गीताचा कागद आयत्या वेळी सापडेना, तेव्हा माडगूळकरांना एका खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतलं, आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून तयार झालं, असं सांगतात. वर्षाचे आठवडे 52. पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं झाली 56. शेवटचं गीत 1956 च्या रामनवमीला झालं.

जरा विचार करा, हे काम केवढं! आठवड्याच्या आत कवीनं गीत लिहायचं, संगीतकारानं प्रसंगाला शोभेल असा राग निवडून चाल बांधायची, त्या पात्राला साजेसा गळा शोधायचा, वादकांना बसवून तालीम घ्यायची आणि ध्वनिमुद्रण करायचं. ते पुरं होतं न होतं तोच पुढचा आठवडा दारात उभा. शेतकऱ्याला ही घाई नवी नाही. वाफसा आला की पेरणी थांबत नाही. त्या गीतांना माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर अशा अनेकांनी आवाज दिला. साथीला प्रभाकर जोगांचं व्हायोलिन होतं.

पुढं 1965 साली गीतरामायणाच्या तबकड्या निघाल्या. त्यांत सगळी गीतं एकट्या फडक्यांच्या आवाजात आहेत. या तबकड्या घराघरांत पोचल्या, आणि ज्यांना आकाशवाणीवरचं गीतरामायण ऐकायला मिळालं नव्हतं त्यांनाही ते मिळालं. हे तबकडीचे उपकार आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तबकडी आवाज जपते, तसं काही झाकूनही टाकते. जे आधी दहा-बारा गळ्यांतून आलं होतं, ते पुढच्या पिढीच्या कानांत एका गळ्यानं राहिलं. दोष कुणाचाच नाही. जे पुन्हा पुन्हा कानी पडतं तेच मनात ठसतं.

14 डिसेंबर 1977 रोजी माडगूळकर गेले. शब्द देणारा मित्र गेला, तरी फडके गीतरामायण गात राहिले, ते थेट म्हातारपणापर्यंत. 29 जुलै 2002 रोजी तेही गेले. म्हणजे जवळजवळ पाव शतक त्यांनी गेलेल्या मित्राचे शब्द आपल्या गळ्यातून लोकांपुढं ठेवले. फोटोला हार घालून वर्षातून एकदा आठवण काढता येते. पण कवीची खरी आठवण त्याचा शब्द स्पष्ट म्हणण्यात असते, आणि फडक्यांच्या गाण्यात शब्द कसा नितळ ऐकू येतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही 'जगाच्या पाठीवर'. दोघांनी मिळून केलेल्या चित्रपटाचंच ते नाव.

आता आपल्या शाळेकडे वळू. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत 2023 पासून आपलं राज्यगीत आहे. मुलं ते खड्या आवाजात म्हणतात. शाहीर साबळ्यांचा आवाज बहुतेकांना माहीत असतो. पण शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची, हे वर्गातली किती मुलं सांगतील? बढेही 1977 सालीच गेले, खळे 2011 साली आणि शाहीर 2015 साली. तिघंही गेले, पण गीत रोज उभं राहतं. त्याबरोबर तिन्ही नावं उभी राहायला हवीत.

आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायची तेव्हा निवेदक गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक अशी नावं सांगायचे. ऐकता ऐकता ती पाठ व्हायची. आज गाणं मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानं येतं आणि पुष्कळदा नावाशिवाय येतं. निनावी पत्राला उत्तर कुणाला धाडणार?

म्हणून माझी दोन मागणी आहेत. गुरुजी, बाई, मुलांना गाणं शिकवाल तेव्हा आधी फळ्यावर तीन नावं लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. अर्धं मिनिट लागेल.

दुसरी मागणी गावकऱ्यांकडे. तुमच्या भजनी मंडळात पदं रचणारे बुवा असतील, गावात एखादे शाहीर असतील, जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल. त्यांची पदं छापलेली नाहीत, तबकडीवरही नाहीत. ती माणसं आहेत तोवरच ती आहेत. खिशातला फोन काढा आणि ध्वनिमुद्रण करा. मात्र सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. पद स्वतः रचलं की दुसऱ्या कुणाकडून आलं, तेही विचारा. दुसऱ्याचं असेल तर आजी सांगेल, "हे माझ्या आत्यानं बांधलं होतं." तेवढ्या एका वाक्यानं ती आत्या पुन्हा गावात येईल.

हे काम पुढच्या सुगीवर टाकू नका. या आठवड्यात एक पद, एवढ्यावरच सुरुवात करा.