शेवटच्या रांगेपर्यंत

सकाळच्या एसटीनं आलेले आई-वडील आणि आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रांनो,

मी मालिकांत काम करणारा नट आहे, पण घडलो तालमीत. युवक महोत्सवातली एकांकिका, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, राज्य नाट्य स्पर्धा आणि मग मुंबई. ही वाट माझ्याआधी अनेकांनी तुडवली. मकरंद अनासपुरे त्याच विभागात शिकले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रं एकट्यानं उभी करणारे लक्ष्मण देशपांडे त्या विभागाचे प्रमुख होते.

आणि आपला जालना जिल्हा? जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती करता करता नाटक लिहीत होते. त्यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 साली नंदू माधव यांनी रंगमंचावर आणलं, संगीत संभाजी भगत यांचं. त्या वर्षीचा दुष्काळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरानं सोसलाय. मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. अशा दिवसांत इथली पोरं आपल्याच बोलीत मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसमोर उभी राहिली. त्यांतले कैलास वाघमारे पुढे 2020 च्या ‘तान्हाजी’त दिसले. आपली बोली सुधारून घ्यावी लागेल, ही भीती माझ्या मनातून त्या नाटकानं काढली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता माझ्या कामाचं सांगतो. तालमीत सर आम्हाला पाठीवर झोपवून पोटावर पुस्तक ठेवायचे. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, वाक्य बोलताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. पहिल्या मालिकेच्या सेटवर मी तसाच बोललो. साउंडचे दादा जवळ आले, माझ्या शर्टाच्या आतला माईक नीट केला आणि म्हणाले, ‘हा तुझ्या छातीशीच आहे रे.’ आवाज मी खाली आणला. श्वास मात्र आजही पोटातूनच घेतो.

मालिकेत सीन हातात पडतो तो मेकअप चालू असताना. पाठ करायला वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. क्लोजअपच्या वेळी समोरचा नट कधी कधी दुसऱ्या सीनला गेलेला असतो. त्याची वाक्यं सहायक दिग्दर्शक कागदात बघून वाचतो, आणि तिथं आपली आई उभी आहे असं धरून आपल्याला रडायचं असतं. हे मला कॅमेऱ्यानं शिकवलं नाही. एका नाटकात मला एकही वाक्य नव्हतं. दोन महिने विंगेत उभा राहून मी फक्त दुसऱ्यांचं ऐकत होतो. ते ऐकणंच आज उपयोगी पडतं.

या धंद्याची दुसरी बाजूही ऐका. कामाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी येतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत कळलं की मालिका शनिवारी बंद होतेय; पुढचे सात महिने काम नव्हतं. घरभाडं मित्रांनी भरलं, आणि ते सगळे नाटकातले होते. म्हणून मुंबईला निघालात तर एकटे जाऊ नका. इथला ग्रुप धरून ठेवा. सुट्टीत गावी आलात की शाळेच्या वर्गात का होईना, तालीम लावा.

मला आज रात्रीची देवगिरी एक्सप्रेस गाठायची आहे. सकाळी नऊची शिफ्ट आहे, सीन अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कुणी एकांकिका बसवत असेल तर निघण्याआधी मला दाखवा. संध्याकाळपर्यंत मी इथंच आहे.