आम्ही मायलेकी धावलो



साताऱ्याला 2012 साली डोंगरावरची अर्धी मॅरेथॉन सुरू झाली. म्हणजे 21 किलोमीटरांची दौड. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. आम्ही मायलेकी पहिल्यांदाच धावलो. सराव चार महिने केला. बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, एवढे ठरवले होते.

घाटात आईचे बोलणे बंद झाले. तिने हातानेच खुणावले, तू हो पुढं. लेक थांबली. मग आम्ही चालू लागलो. घोट घोट पाणी प्यालो. जरा वेळाने आई म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलीस का गं?" बोलणे आले! पुन्हा धावलो.

उतारावर गुडघे दुखतात. म्हणून पावले आखूड टाकली. शेवटची रेघ दोघींनी एकदमच ओलांडली. आमच्यामागेही माणसे होती, बरं का!