मनगटावरची गाठ



बसल्या जागी एक हात समोर धरा आणि मनगट तळहाताच्या दिशेने पूर्ण वाकवा. मनगटाच्या मागच्या बाजूला, साधारण मधोमध, गोल गुळगुळीत उंचवटा वर आला आणि हात सरळ केल्यावर तो बराचसा दिसेनासा झाला, तर ते बहुधा गँगलिऑन असते. हाताला आणि मनगटाला येणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळते. विशी ते चाळिशीतल्या माणसांत तिचे प्रमाण अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जवळजवळ तिप्पट.

तपासायला येणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो पुष्कळदा ओठांवर येत नाही. म्हणून न विचारताच सांगतो : गँगलिऑन म्हणजे कॅन्सर नव्हे आणि त्याचा पुढे कॅन्सर होतही नाही.

आत असते काय? सांध्याभोवती एक आवरण असते आणि आतला भाग ओला राहावा म्हणून थोडे वंगण असते. या आवरणाला लागून, किंवा बोटांच्या दोऱ्या (कंडरा) ज्या नळीतून सरकतात तिला लागून, एक पिशवी तयार होते. तिच्यात पारदर्शक, चिकट, घट्ट जेली साठते. मनगटाच्या मागच्या गाठीचा देठ बहुतेक वेळा खोलवर, दोन लहान हाडांना बांधून ठेवणाऱ्या बंधापर्यंत गेलेला असतो. हा देठ लक्षात ठेवा, कारण उपचाराचे यशापयश त्याच्यावरच ठरते. गाठ कधी मोठी होते, कधी लहान. चार दिवस हाताला जास्त काम पडले की फुगते, विश्रांती मिळाली की बसते. पिशवी अशी का तयार होते याचे एकच पक्के कारण सांगता येत नाही. त्यामुळे पोळ्या लाटून किंवा टायपिंग करून झाली, असे म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

ओळखायची एक साधी तपासणी आहे. खोलीतला दिवा बंद करून छोटी टॉर्च गाठीला एका बाजूने टेकवून धरायची. आतला द्रव पारदर्शक असल्यामुळे सगळी गाठ लालसर उजळून निघते. भरीव गाठ अशी उजळत नाही. रुग्णाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की त्याची निम्मी भीती तिथेच जाते, म्हणून मी ही तपासणी त्याला दाखवूनच करतो. शंका राहिली तर सोनोग्राफी करावी.

आता पोटतिडकीने सांगायची गोष्ट. गाठ दिसली की घरातले कुणीतरी ती जोरजोरात चोळते, कुणी डाग द्यायला नेते, कुणी बिब्बा घालते. माझ्याकडे आलेल्या एका तरुण मुलीच्या मनगटावर बिब्ब्याने मोठा फोड आला होता, भोवतालची कातडी काळी पडून सोलली होती आणि त्या जखमेखाली गाठ होती तशीच होती. तिला गाठीचा त्रास काहीच नव्हता, जखमेचा मात्र पुढे कितीतरी दिवस झाला. युरोपात पूर्वी जाडजूड बायबल हाणून ही गाठ फोडत असत. पिशवी फुटते, पण देठ राहतो, त्यामुळे गाठ पुन्हा भरते आणि वर हाडाला मार बसायचा धोका.

काही न करता काय होते? इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डॉक्टरांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. मनगटाच्या मागची गाठ असलेल्या ज्या लोकांनी काहीच उपचार घेतले नव्हते, त्यांतल्या शंभरांपैकी ५८ जणांची गाठ सहा वर्षांनी आपोआप गेलेली होती. सुईने द्रव काढलेल्यांपैकी मात्र निम्म्याहून अधिक जणांना ती पुन्हा आली. शस्त्रक्रिया केलेल्यांतही पुष्कळांना आली. लहान मुलांची गाठ तर बहुधा वाट पाहिली तरी जाते. दुखत नसेल तर गाठ तशीच राहू द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

पण प्रत्येक गाठ गँगलिऑन नसते. भरभर वाढणारी, दगडासारखी कडक, रात्री दुखणारी, किंवा लाल-गरम होऊन ताप आणणारी गाठ लगेच दाखवावी. बोटांना मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, तर गाठ नसेवर दाब देत असण्याची शक्यता आहे. आणि आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. तळहातावर एक सूज आणि मनगटाच्या वर दुसरी, एक दाबली की दुसरी फुगते, असे दिसले तर तो बोटांच्या दोऱ्यांच्या आवरणाचा क्षय असू शकतो. आत तांदळाएवढे पांढरे कण सापडतात. त्याला क्षयाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

गँगलिऑनसारखीच गाठ बोटावरही दिसते. उतारवयात बोटाच्या शेवटच्या पेऱ्यावर, नखाच्या मुळाशी एक छोटा चकचकीत फोड येतो आणि नखावर लांबट खाच पडते. खाली झिजलेला सांधा असतो. हा फोड घरी सुईने फोडू नका. जंतू थेट सांध्यात शिरू शकतात.

आता पुन्हा मनगटाच्या गाठीकडे. जोर काढताना, जमिनीवर हात टेकून उठताना मनगट दुखत असेल, तर आधी काही आठवडे पट्टा बांधून पाहावा. मग सुईने द्रव काढता येतो. तळहाताच्या बाजूला, अंगठ्याखाली गाठ असेल तर नाडीची धमनी अगदी चिकटून असते, तिथे जपावे लागते. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. ती करताना गाठीबरोबर देठ आणि त्याच्या मुळाशी असलेला आवरणाचा तुकडाही काढायचा असतो. नुसती पिशवी काढली तर गाठ परत येते, म्हणून देठ काढणार का, हे सर्जनला आधीच विचारा. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहा. मनगट पूर्ववत वाकायला आणखी काही आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस शिकवलेला व्यायाम रोज करावा लागतो.