गळतीचें मूळ

फुटकें कौल आढ्याखालीं उभें राहून बोटानें दाखवितां येतें. लाद्या बसविलेल्या न्हाणीघराची गोष्ट तशी नाहीं. तेथें पाणी शिरतें एकीकडे आणि प्रकट होतें दुसरीकडे.

गेल्या वर्षीं आमच्या खालच्या मजल्यावरील वयोवृद्ध शेजारी वर आले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या छताला ओल आली आहे. जरा पाहतां कां?" मीं न पाहतांच उत्तर दिलें, "आमची न्हाणी ठणठणीत कोरडी आहे." मुलांना 'आधीं पाहा, मग सांगा' असें जन्मभर शिकविणाऱ्यानें हें उत्तर द्यावें! पुढें गवंडी आला. त्यानें डागाच्या नेमक्या वरच्या सहा लाद्या फोडून नव्या बसविल्या, सांध्यांत पांढरें सिमेंट भरलें. पंधरा दिवसांनीं डाग पुन्हां ओला! जिन्यांत शेजारी नमस्कार करीत, पण थांबत नसत.

चूक कोठें झाली? लादी पाणी अडविते, परंतु सांध्यांतील साधें सिमेंट तें पुरतें अडवीत नाहीं. खरा अडसर लाद्यांखालच्या जलरोधक थराचा. मुंबईकडील पुष्कळ इमारतींत न्हाणीखालचा भाग खोल ठेवून तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानें भरलेला असतो. त्यांत शिरलेलें पाणी पसरत जातें व जेथें वाट मिळेल तेथें उतरतें. म्हणून डागावरून गळतीची जागा ठरविणें हा निव्वळ तर्क होय.

मग मीं शाळेंतला नियम आठवला: एका वेळीं एकच गोष्ट तपासावी. शेजाऱ्यांच्या परवानगीनें डागाभोंवती पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घातली. चार दिवस न्हाणी वापरली नाहीं. डाग सुकत गेला. अर्थात् सदैव भरलेले नळ निर्दोष ठरले. नंतर फरशी न भिजवितां थेट मोरीच्या तोंडांत बादल्या ओतल्या. कांहीं नाहीं. मग मोरीला घट्ट बोळा लावून दोन बोटें पाणी एक दिवस सांठविलें. तरी कांहीं नाहीं. शेवटीं भिंती खालून वर क्रमानें भिजविल्या. रेघ जेथल्या तेथें!

आतां उरला शॉवर. त्याची चावी आणि झारी यांच्यामधली नळी भिंतींत दडलेली असते, आणि तिच्यांत दाबाचें पाणी शॉवर चालू असतांनाच येतें. म्हणून पहिल्या परीक्षेंत ती सुटली होती. झारी काढून नळीच्या तोंडाला बूच बसविलें आणि चावी उघडली. एकाही लादीवर थेंब पडला नाहीं. तरी संध्याकाळपर्यंत ओलीनें रेघ ओलांडली. भिंतींतल्या कोपऱ्याच्या जोडाचे आटे सैल झाले होते. एकच लादी काढावी लागली. मी बादलीनें स्नान करणारा. शॉवर वापरणारा नातू शिक्षणासाठीं आमच्याकडे आला, त्याच सुमारास ती ओल आली होती. हें मला आधीं सुचावयास हवें होतें.

अशी तपासणी लांबणीवर टाकूं नये. स्लॅबमधील लोखंडी सळयांपर्यंत ओल पोंचली म्हणजे त्या गंजतात. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि त्याच्या रेट्यानें सिमेंटचे पोपडे निखळूं लागतात. शेजाऱ्याच्या डोक्यावर तें संकट आपण ठेवीत असतों.

जोड बदलल्यावर मी खालीं गेलों, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली आणि छत सुकल्यावर रंग लावून देण्याचें कबूल केलें. शेजारी क्षणभर गप्प राहिले. मग हंसून म्हणाले, "म्हणजे मास्तर, पाणी मुरत होतें तें तुमच्याकडेच!" आणि त्यांनीं आंत चहा सांगितला.

श्रोतेहो, आपल्याकडे असा निरोप कोणी घेऊन आला, तर उत्तर देण्यापूर्वीं एकदां खालीं जाऊन छत पाहून यावें, इतकीच विनंती.